चष्म्याच्या घरातलं इन्सुलिन

मार्च-एप्रिल आला की माझ्याकडे समुपदेशनाला एक काळजी हमखास येते. "मुलाकडे अमेरिकेला चाललोय, पण तिकडं आजारी पडलो तर?" व्हिसा झालेला असतो, तिकीट काढलेलं असतं, आणि झोप उडालेली असते.

बाई अशाच आल्या. वय 64, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, यजमानांना जाऊन चार वर्षं झालेली. मुलगा, सून आणि सहा वर्षांचा नातू न्यू जर्सीत. (त्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) बसल्या बसल्या म्हणाल्या, "मॅडम, मी येत नाही असं कळवून टाकू का?"

मी विचारलं, "तिकडं आजारी पडलात तर काय होईल, काय दिसतं डोळ्यांपुढं?"

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "रात्र आहे. मी पडलेय. डॉक्टर बोलतायत, मला एक शब्द कळत नाही. आणि मग बिल येतं. त्याचं घराचं कर्ज अजून फिटायचंय हो."

"काही होत नाही, उगीच काळजी करता" हे त्यांना घरातल्या प्रत्येकानं ऐकवलं होतं. त्या वाक्यानं माणूस गप्प होतो, भीती तिथंच राहते. शिवाय तिथला दवाखाना खरोखरच महाग आहे, हे मी कसं नाकारणार? मी एवढंच म्हटलं, पुढच्या वेळी सगळी औषधं घेऊन या.

आल्या. प्लास्टिकची कप्प्यांची डबी, प्रत्येक कप्प्यावर लाल शाईत, शाळेच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी: सकाळ, दुपार, रात्र. मग जरा थांबून पर्समधून चष्म्याचं घर काढलं. आत चष्मा नव्हता, इन्सुलिनचं पेन होतं.

"तीन महिने झाले. मुलाला बोलले नाही. तो तिकडं बसून जिवाला लावून घेईल."

प्रवास विम्याचा अर्ज मुलानंच भरला होता, "मधुमेह, गोळ्या चालू" असा. अर्जातली माहिती खरी नसेल तर कंपनी दावा नाकारू शकते. म्हणजे ज्या बिलाला बाई भीत होत्या, ते लपवण्यामुळेच मुलाच्या अंगावर येण्याची शक्यता होती. हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. सांगताना मलाही जड गेलं.

शनिवारी रात्री आठला माझ्याच खोलीतून फोन लावला. तिकडे सकाळचे साडेदहा. बाईंनी एका दमात सांगून टाकलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग मुलगा म्हणाला, "आई, बाबांच्या वेळीही तू असंच केलंस." दोघंही रडले. मी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि गप्प बसले.

त्यानंतरचं काम सोपं होतं. मुलानं विम्याची माहिती दुरुस्त केली, आधीपासूनच्या आजारांना किती संरक्षण आहे ते कलम वाचून काढलं. जायच्या महिनाभर आधी बाई त्यांच्या डॉक्टरांना भेटल्या. सोळा-एक तासांचं विमान आणि साडेनऊ तासांचा फरक यात इन्सुलिन कधी घ्यायचं, ते त्यांनी कागदावर लिहून दिलं. सोबत औषधांच्या मूळ नावांचं पत्र, कारण आपली ब्रँडनावं तिकडं कुणाला कळत नाहीत. आपलं साधं पॅरासिटामॉल तिथे असिटामिनोफेन म्हणून मिळतं! गोळ्या डबीतून परत मूळ पाकिटांत गेल्या. इन्सुलिन हातातल्या पिशवीत ठेवायचं ठरलं. विमानाच्या पोटातल्या सामानात ते गोठू शकतं, आणि गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही. विमानात अधूनमधून उठून चालायचं, खिशात ग्लुकोज ठेवायचं, हेही डॉक्टरांनी बजावलं.

भाषेची भीती मात्र माझ्या वाट्याची होती. तिथे सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयांना रुग्णासाठी दुभाषी मोफत द्यावा लागतो, हे ऐकून बाईंनी दोनदा विचारलं, "मराठीसुद्धा?" मी म्हटलं, फोनवरून का होईना, मागायचा. मग आम्ही 911 ला, म्हणजे तिथल्या आणीबाणीच्या नंबरला, फोन करायचा सराव केला. मी पलीकडचा माणूस झाले. पत्ता, "आय टेक इन्सुलिन", पुन्हा पत्ता. पहिल्यांदा आवाज कापला. चौथ्या वेळी त्यांनी मलाच दटावलं, "सावकाश बोला, मला नीट ऐकू द्या." वर्गातल्या बाई परत आल्या होत्या.

जूनमध्ये त्यांचा फोन आला. एकदा पहाटे साखर खाली गेली होती, घाम फुटला, हात थरथरू लागले. ग्लुकोज उशाशीच होतं, ते तोंडात टाकलं.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग काय, सुनेला हाक मारली. उठवलंच तिला."