पहिला गुन्हा उलगडण्याआधी

तुम्ही चौघे फोंड्याला जमताय, तर पहिल्याच रात्री ‘शेरलॉक होम्स कन्सल्टिंग डिटेक्टिव्ह’ हा गुन्हे उलगडायचा बोर्डगेम काढू नकोस. खेळ अप्रतिम आहे, १९८५चा जर्मन ‘श्पील देस यारेस’ (म्हणजे ‘वर्षातला खेळ’) पुरस्कार त्यालाच मिळाला. पण वाचन भरपूर, तेही इंग्रजीत. एकाने मोठ्याने वाचायचं आणि खल मराठीत करायचा, ही सवय लागली की मग घे.

सुरुवात ‘मायक्रोमॅक्रो: क्राइम सिटी’ने कर. एकच भलामोठा काळा-पांढरा नकाशा, त्यात १६ गुन्हे. तोच माणूस नकाशावर जागोजागी दिसतो, कारण चित्रात वेळही सरकते. प्रेत सापडलं की त्याचा माग उलटा काढत जायचा: टोपी कुठे पडली, मागे कोण उभा होता! भिंग मुद्दाम सगळ्यात गप्प बसणाऱ्याच्या हाती दे. आमच्याकडे अशीच एक मैत्रीण दर वेळी खुनी शोधायची. आणि उत्तराचं कार्ड सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय उलटू नका. उकललेला गुन्हा पुन्हा खेळण्यात मजा नाही.

आपल्याकडच्या पावसाळ्यात कागद लगेच सर्द होतो. खेळून झालं की नकाशा पुसून, सिलिका जेलच्या पुड्या घालून डब्यात ठेव. भजी वेगळ्या टेबलावर.