पेन्सिल राहू दे, तो उठतो कसा ते बघ

*मावशी, माझा मुलगा सव्वाचार वर्षांचा आहे, ज्युनिअर केजीत जातो. टीचर म्हणतात, पेन्सिल मुठीत धरतो, अक्षर रेघेवर येत नाही, मागे पडेल. म्हणून रोज रात्री दोन पानं गिरवून घेते, शेवट रडण्यात होतो. पडतोही फार. जिना उतरताना एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवतो. खाली बसला की गुडघ्यांवर हात रोवून म्हाताऱ्या आजोबांसारखा उठतो, आम्ही सगळे हसतो. चालायलाही सतराव्या महिन्यात लागला. सासूबाई म्हणतात, "याचा बापही असाच होता, मुलगे उशिराच करतात." हे म्हणतात, "डॉक्टरकडे नेलंस की पोराला लेबल लागेल." हस्ताक्षराचा क्लास लावू का?*
*– एक आई, कराड*

क्लास लावू नकोस. रात्रीची ती दोन पानंही आजपासून बंद.

तू पत्र लिहिलंस पेन्सिलबद्दल, पण मी अडकले ते तू हसत हसत लिहिलेल्या ओळीवर. हात गुडघ्यांवर रोवून, मग मांड्यांवर टेकवत वर चढल्यासारखं उठणं म्हणजे कंबर-मांड्यांच्या स्नायूंत जोर कमी असल्याची खूण असू शकते. ही गोष्ट याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखव.

पत्रावरून निदान होत नाही, ते मी करणारही नाही. कारणं अनेक असतात. ड जीवनसत्त्व फार कमी असलं तरी असं होतं, आणि त्यावर उपचार आहेत. पण मुलगा आहे म्हटल्यावर डॉक्टर ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या स्नायूंच्या आजाराचाही विचार करतील. तो जवळजवळ फक्त मुलग्यांनाच होतो आणि बऱ्याचदा याच वयात लक्षात येतो. पोटऱ्या जाड दिसतात का, तो चवड्यांवर चालतो का, तेवढं पाहून ठेव. स्नायूंची झीज होते आहे का हे दाखवणारी सीपीके नावाची साधी रक्ततपासणी असते. ती करायची का, हे डॉक्टरांना तूच विचार. हा आजार पूर्ण बरा करणारा उपाय आज नाही, पण वेळेवर सुरू केलेल्या औषधांनी मूल जास्त वर्षं चालतं. म्हणून थांबण्यात तोटा आहे.

सासूबाईंचं म्हणणं अगदीच खोटं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 साली दिलेल्या मापाप्रमाणे निरोगी मुलं आधाराशिवाय चालू लागण्याचा काळ साधारण सव्वाआठ ते साडेसतरा महिने असा लांबलचक आहे. नुसतं सतराव्या महिन्यात चालणं असतं, तर मीही म्हटलं असतं, वाट बघ. पण त्याला पडणं, जिना आणि उठणं जोडलं गेलं आहे. शिवाय ड्युशेनचा दोष एक्स गुणसूत्रावर असतो, आणि मुलग्याला ते आईकडूनच मिळतं, म्हणून तो बापाकडून मुलाकडे येत नाही. "बापही असाच होता" याने या शंकेचं उत्तर मिळत नाही. आणि उद्या असं काही निघालंच, तर घरात बोटं तुझ्याकडे वळतील, म्हणून आत्ताच सांगते: सुमारे एक तृतीयांश मुलांत हा दोष नव्यानेच तयार झालेला असतो. आईकडून आला, तरी त्यात आईचा गुन्हा काय? मात्र दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर आधी हे तपासून घ्या.

लेबलची भीती बऱ्याच बापांना असते. नवऱ्याला सांग, पहिली तपासणी म्हणजे निवाडा नव्हे. कुठे नीट बघायचं, एवढंच तिथे ठरतं. त्यातून पुष्कळ मुलं "काही नाही" म्हणून घरी येतात.

डॉक्टरकडे गेल्यावर पोरं नेमकी आईला चिकटून बसतात. म्हणून मोबाइलवर व्हिडिओ घेऊन जा: मोकळ्या जमिनीवर उताणा झोपलेला तो उभा राहताना (जवळ खुर्ची-पलंग नको), पळताना, जिना चढता-उतरताना.

खर्चाची अडचण असेल तर 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांच्या मोफत तपासणीचा. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, पण खासगी केजीकडे वळत नाही, त्यामुळे तुमच्याकडे कुणी आलं नसणार. जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे डीईआयसीची, चौकशी कर.

आता ती पेन्सिल. साधारण तिसऱ्या वर्षी गोल, चौथ्या वर्षी अधिकचं चिन्ह, पाचव्याच्या आसपास चौकोन बघून काढता येतो. सव्वाचारला रेघेवर अक्षरं हा शाळेचा हट्ट आहे, मुलाची उणीव नव्हे. या वयात मूठ सुटून बोटांत पेन्सिल यायला हवी, हे मात्र खरं. तेही डॉक्टरांना सांग. घरी मटार सोलू दे, कणकेचे गोळे करू दे, शर्टाची मोठी बटणं स्वतः लावू दे, खडूचे आखूड तुकडे दे. आखूड तुकडा मुठीत नीट धरता येत नाही, बोटांनीच धरावा लागतो. पण डॉक्टरांनी बघेपर्यंत बैठका, उड्या असला 'जोर वाढवायचा' व्यायाम करून घेऊ नकोस. स्नायूंचाच आजार असेल तर त्याने नुकसान होतं.

टीचरना वहीत एवढंच लिहून दे: "डॉक्टरांची तपासणी होईपर्यंत घरी लेखनाचा अभ्यास घेणार नाही. वर्गात तो पडतो कधी, थकतो कधी, ते कृपया कळवावे."