मॅक्रो फोटोग्राफीसाठी इमेज स्टॅबिलायझेशन असलेलीच लेन्स घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की जुन्या डीएसएलआरवर फुलं आणि किडे काढायला शंभर मिलिमीटर फोकल लेंथच्या आसपासची मॅक्रो (अगदी जवळून मोठं चित्र काढणारी) लेन्स घ्यायची आहे, स्टॅबिलायझेशनवाली (हाताचा कंप सावरणारी) बरीच महाग पडतेय, आणि मित्र म्हणतो त्याच्याशिवायची घेणं म्हणजे पैसे पाण्यात. हे शेवटचं वाक्य मी आमच्या घरात इतक्यांदा ऐकलंय की लिहिल्याशिवाय राहवेना. मित्र चुकतोय. फुला-किड्यांच्या बाबतीत तर साफ चुकतोय.

माझी तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. मॅक्रो मी हौस म्हणून शिकलो नाही, बागेसाठी शिकलो. थ्रिप्स हा रस शोषणारा किडा मोठा झाला तरी जेमतेम एक मिलिमीटरचा. मोबाइलवर तो नुसता ठिपका दिसतो, आणि सल्लागारांना ठिपका पाठवून औषध विचारता येत नाही. म्हणून सेकंडहँड मॅक्रो लेन्स घेतली, स्टॅबिलायझेशन नसलेली. थोरल्या चुलत भावाचा सांगलीला विश्रामबागेत लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ आहे. त्याने लेन्स हातात घेतली, बटणं शोधली आणि म्हणाला, "आरं, ह्याला आयएसच न्हाई. ह्यानं काय फोटू निघणार मर्दा?" आयएस म्हणजे हेच इमेज स्टॅबिलायझेशन. तेव्हापासून आमचा हा वाद चालू आहे.

ऑक्टोबर छाटणी होऊन फुटी चांगल्या निघाल्या होत्या आणि परतीच्या पावसाने गाठलं. पानांवर तेलकट पिवळे डाग दिसायला लागले. द्राक्षावरचा डावणी रोग, त्यात शंका नव्हती. सल्लागारांना वेगळंच बघायचं होतं: पानाच्या पाठीमागची पांढरी लव ताजी, उभी आहे की फवारणीने सुकून तपकिरी पडलीय. ताजी असेल तर बुरशी जिवंत आहे, पुन्हा फवारणी काढायलाच पाहिजे. सुकली असेल तर खर्च वाचतो. दादा नेमका त्या दिवशी मुक्कामाला होता आणि त्याची नवी कोरी स्टॅबिलायझेशनवाली मॅक्रो सोबत होती. म्हणाला, "तुझं ऱ्हाऊ दे, मी काढतो."

द्राक्षवेलींच्या मंडपाखाली सावली, वर ढग. दादाने एफ ८ (लेन्सचं छिद्र) लावला, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० केला, शटर १/६० सेकंदावर आलं. एरवी एवढ्या उजेडात इतकं खाली जावं लागत नाही, पण १:१ ला, म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या मापाची उमटते तिथे जाईपर्यंत लेन्स दोन स्टॉप उजेड खाते (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). तो म्हणाला काळजी करू नको, चार स्टॉपचं आयएस आहे, म्हणजे शटरचा वेळ चारदा दुप्पट केला तरी चालतं. ओल्या मातीत गुडघा टेकून, पान उलटं करायला मला धरायला लावून त्याने पुष्कळ फोटो काढले. लॅपटॉपवर मोठे करून बघितले तर एकातही लव धड दिसेना. काहींत पानाची शीर स्पष्ट आणि डाग धूसर, काहींत सगळंच पुसलेलं.

लेन्स खराब नव्हती, दादाचा हातही खराब नाही. स्टॅबिलायझेशन ज्या हालचालीसाठी बनवलंय ती हालचाल इथे मुख्य नव्हतीच. लेन्समधला सेन्सर कॅमेरा किती कलला ते मोजतो आणि काचांचा एक गट उलट दिशेला सरकवून चित्र जागेवर ठेवतो. दूरचा डोंगर काढताना एवढंच पुरतं, कारण कॅमेरा अर्धा मिलिमीटर बाजूला सरकला म्हणून डोंगर हलत नाही. १:१ ला मात्र कॅमेरा अर्धा मिलिमीटर सरकला की कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचं चित्रही अर्धा मिलिमीटर सरकतं. निकॉनने २००६ साली १०५ मिलिमीटरच्या मॅक्रोला व्हीआर (त्यांचं स्टॅबिलायझेशन) दिलं, पण जवळ जाल तसा त्याचा परिणाम कमी होतो. कॅननने २००९ च्या १०० मिलिमीटर एल मॅक्रोमध्ये हे सरकणं मोजायलाही वेगळा सेन्सर बसवला आणि त्याला हायब्रिड आयएस म्हटलं. तरीही कंपनीचाच आकडा बघा: नेहमीच्या अंतराला चार स्टॉप, अर्ध्या आकाराला तीन, १:१ ला दोन. दादाचे चार स्टॉप तिथे दोनच उरले होते.

आणि ते दोनही कशाच्या कामाचे? पान वाऱ्याने हलतंय, ते लेन्सला थांबवता येत नाही. गुडघ्यावर बसलेला माणूस श्वासागणिक पुढे-मागे होतो, तेही कुठलं आयएस थांबवत नाही. १:१ ला एफ ८ वर फोकसमध्ये राहणारी जाडी फुल फ्रेमला (मोठ्या सेन्सरला) जेमतेम एक मिलिमीटर, तुमचा लहान, क्रॉप सेन्सर असेल तर त्याहून कमी. माणूस तेवढा पुढे झुलला की लव गेली आणि शीर आली. मॅक्रोतले बरेचसे वाया गेलेले फोटो असेच जातात आणि लोक त्याला हात हलला म्हणतात.

मग मी माझी लेन्स काढली. एफ ११, १/२००, आयएसओ २००, वर साधा फ्लॅश, पॉवर १/१६, आणि फ्लॅशपुढे पॅकिंगचा पातळ पांढरा फोम वाकवून लावलेला. या सेटिंगला नुसत्या उजेडात फोटो जवळजवळ काळाच येतो, सगळा उजेड फ्लॅशचा. आणि एवढ्या कमी पॉवरला फ्लॅशची चमक सेकंदाच्या हजारो भागांतल्या एका भागात संपते. तेवढ्यात ना पान हलतं, ना हात. दुसरी गोष्ट फ्लॅशपेक्षाही मोलाची: डाव्या हाताच्या बोटांत पानाची काडी धरायची आणि त्याच हाताच्या मुठीवर लेन्सचं तोंड टेकवायचं. आता वारा आला तर पान, हात आणि लेन्स एकत्र हलतात, अंतर बदलत नाही. फोकस आधीच हाताने १:१ वर लावून ठेवायचा, रिंगला हात लावायचा नाही, मूठ कणभर मागे-पुढे करत डाग स्पष्ट दिसला की बटण दाबायचं.

लव दिसली. कापसासारखी पांढरी, उभी, ताजी. फोटो गेला, तासाभरात फोन आला, संध्याकाळी फवारणीचा ब्लोअर बागेत. दादा म्हणाला, "ते फ्लॅशमुळं आलं." होय, फ्लॅशमुळेच आलं, माझं म्हणणं तेच आहे. लेन्सच्या किमतीतला फरक फ्लॅशमध्ये घाला.

आता तुमच्या कामाचं. फुलं-किडे म्हणालात, म्हणजे उघड्यावर, वाऱ्यात, हलणारी गोष्ट. स्टॅबिलायझेशन नसलेली जुनी मॅक्रो घ्या. टॅमरॉनची जुनी ९०, कॅननची जुनी १००, कुठलीही. या फोकल लेंथच्या मॅक्रो लेन्स धारदारपणात एकमेकींना फार हरत नाहीत. उरलेल्या पैशांत एक फ्लॅश आणि चांगला डिफ्यूझर (माझ्या फोमसारखा उजेड पसरवणारा पडदा). ट्रायपॉडवर काढणार असाल तर स्टॅबिलायझेशन तसंही बंदच करावं लागतं.

एक मात्र सांगायला हवं. दादाची लेन्स त्याच्या धंद्यात बिनकामाची नाही. कार्यालयाच्या मंद उजेडात अंगठ्या, मंगळसूत्र, मेंदीचा हात हे सगळं स्थिर असतं, १:१ पर्यंत जावंही लागत नाही, आणि फ्लॅश मारला की सोनं पांढरं पडतं. तिथे तिचे स्टॉप खरोखर वाचतात. आमच्या बेदाण्याच्या शेडमध्येही ती माझ्यापेक्षा बरी चालेल. सावलीतली अळिंबं, पहाटेचा गारठलेला चतुर, व्हिडिओ, इथेही फायदा आहे. तिच्यामुळे डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र डगडगत नाही, त्यामुळे एवढासा किडा चौकटीत धरणं सोपं जातं, हे मी त्याची लेन्स वापरून बघितलंय आणि मान्य करतो. पुढे मिररलेस बॉडी घेणार असाल आणि तिच्यात पाच अक्षांचं स्टॅबिलायझेशन असेल, तर ती बाजूला सरकण्याची हालचालही सांभाळते, मग लेन्समधल्यासाठी वेगळे पैसे कशाला?

तुमच्या मित्राला विचारा, त्याने हलत्या फांदीवरचा किडा १:१ ला फ्लॅशशिवाय काढलाय का. काढला असेल तर फोटो दाखवू दे, नुसती लेन्स नको. आणि दादा, तू हे वाचशीलच, म्हणून इथेच सांगतो: छाटणीनंतर बागेत ये, तुझ्या लेन्सवर माझा फ्लॅश लावू आणि आयएसचं बटण एकदा चालू, एकदा बंद ठेवून तेच पान काढू. फोटो शेजारी शेजारी ठेवून कुठला कुठला आहे ते तूच ओळखून दाखव.