बावन्न वजा अडतीस : चाचण्यांविषयी तुमचे प्रश्न

पॅट (राज्याची नियतकालिक मूल्यांकन चाचणी), पारख (देशपातळीवरचं सर्वेक्षण), स्कॉलरशिप, वार्षिक परीक्षा हे सगळं एकच समजून लिहिलेली पत्रं याही महिन्यात भरपूर आली. त्यातली काही इथे घेते.

प्रश्न : मुलगी चौथीत आहे. पॅटमध्ये कमी गुण पडले तर तिला मागे ठेवतील का?

नाही. पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेचा नियम वेगळा आहे, तो वर्गशिक्षकांकडून समजून घ्या.

प्रश्न : एका खासगी परीक्षेच्या निकालावर ‘पर्सेंटाइल 62’ आहे. म्हणजे 62 टक्के गुण ना?

नाही. परीक्षेला बसलेल्या शंभरातल्या साधारण 62 मुलांच्या पुढे तुमचं मूल आहे, एवढंच. बसलेली मुलं कोणती होती, हे परीक्षा घेणाऱ्यांना विचारा.

प्रश्न : डिसेंबर 2024 मध्ये मुलाच्या शाळेत ‘पारख’ झाली. शेजारी म्हणतात, पैसे भरले की मुलाचा निकाल मिळतो.

मिळत नाही, कुणालाच नाही. 4 डिसेंबरला तिसरी, सहावी आणि नववीच्या निवडक शाळांत झालेलं ते सर्वेक्षण होतं. त्यातून जिल्ह्याचं, राज्याचं चित्र कळतं, एकेका मुलाचं नाही. ऐकीव माहितीवर पैसे देऊ नका. शंका असेल तर मुख्याध्यापकांना भेटा.

प्रश्न : मी चौथीला शिकवतो. चाचणीआधी विकतचे सराव संच सोडवून घ्या, असा आग्रह असतो. वर ‘हेच प्रश्न येणार’ असं छापलेलं. गुण वाढतात, मग बिघडलं काय?

गुण वाढतात सर, वजाबाकी येत नाही.

एकच प्रश्न घ्या. 52 − 38 = ? पर्याय 14, 24, 26 आणि 90. यातले तीन चुकीचे पर्याय विचार करून घातलेले असतात. 26 निवडणारं मूल 2 मधून 8 जात नाहीत म्हणून सरळ 8 मधून 2 काढतं. 24 वाल्याने दशक सुटा केला, पण दशकाच्या घरातला एक कमी करायचा राहिला. 90 वाल्याने चिन्हच पाहिलं नाही. तीन चुका, तीन वेगळे उपाय. असे प्रश्न आधी काही शाळांत देऊन पाहतात, एखाद्या पर्यायाकडे कुणी फिरकलंच नाही तर तो बदलतात. एवढी मेहनत तुम्हाला मुलाच्या डोक्यात डोकावता यावं म्हणून असते.

संच घोकलेलं मूल 14 ला गोल करून मोकळं होतं. एका वर्गात अशाच एका मुलीला मी पाटीवर 63 − 47 दिलं. तिने लिहिलं 24, म्हणजे 26 वाल्यासारखंच उलटं, 7 मधून 3 काढले. तिची अडचण जिथल्या तिथे होती, पेपरात फक्त झाकली गेली होती. ‘हेच प्रश्न येणार’ म्हणून संच विकणाऱ्यांचा मला राग येतो तो यासाठी.

आणि दुसरं, पोर्टलवर गुण भरले की पेपरांचा गठ्ठा कपाटात जातो. असं करू नका. त्याच आठवड्यात 26 वाली मुलं एकत्र बसवा, काड्यांचा दहाचा गठ्ठा त्यांना स्वतःच्या हाताने सोडू द्या. मुख्याध्यापकांना ते पेपर दाखवून बोला, नाही जमलं तर केंद्रप्रमुखांशी.

प्रश्न : मी स्वतः काढलेल्या चाचणीत एका प्रश्नाला हुशार मुलंच चुकली. असं कसं?

आधी उत्तरसूची तपासा. ती बरोबर असेल तर 40 पेपरांतले एकूण गुणांनुसार वरचे 11 आणि खालचे 11 वेगळे काढून प्रत्येक प्रश्नाची बरोबर उत्तरं मोजा. वरच्यांपेक्षा खालच्यांची जास्त भरली, तर प्रश्नाची भाषा दोन अर्थांची असण्याची शक्यता मोठी. प्रश्न वापरण्याआधी डाएटमधल्या (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतल्या) विषयतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : मुलगा चौथीत आहे, उदाहरण तोंडी सांगितलं तर सोडवतो, छापलेलं असेल तर अडतो. पुढच्या चाचणीपर्यंत वाट पाहू का?

एक दिवसही नको. आज घरीच त्याला आधी अक्षरं, मग साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला द्या. ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाचे कार्यकर्ते 2005 पासून खेड्यापाड्यांत घरोघरी जाऊन मुलांकडून असंच वाचून घेतात. कुठे अडला ते लिहून वर्गशिक्षकांकडे न्या. डोळे आणि कान तपासून घ्या. त्यातून उलगडा झाला नाही, तर गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना भेटा. गणिताच्या पेपरवरून किंवा माझ्या या उत्तरावरून त्याला कुठल्याही विकाराचं नाव चिकटवू नका.