गुळाची पावती पायथनकडून जावाकडे

प्रश्न : मार्केट यार्डातल्या आमच्या गूळ अडतीवर वजनाचा प्रोग्राम पायथनमध्ये आहे, हिशेबाचा जावामध्ये. शेतकरी, त्याचे रवे, प्रत्येक रव्याचे वजन अशी अख्खी पावती पायथनच्या पिकलने फाईलमध्ये ठेवली. जावाला ती वाचता येईना. काय करावे?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पिकल हे माहिती फाईलमध्ये साठवण्याचे पायथनचे स्वतःपुरते स्वरूप आहे. शिवाय अनोळखी पिकल फाईल उघडताना तिच्यातला घातक कोडही चालू शकतो, तेव्हा देवाणघेवाणीसाठी ते सोडाच. जेसन घ्या, म्हणजे माहिती साध्या मजकुरात लिहिण्याचे स्वरूप. दोन्हीकडे वाचता येते आणि काही बिघडले तर नुसत्या डोळ्यांनी तपासता येते. मला ते याच गुणासाठी आवडते.

खरी काळजी पुढे घ्यायची. पावतीत शेतकरी आणि शेतकऱ्यात पुन्हा त्याच पावत्या, अशी गुंफण असेल तर पायथन तिथेच अडेल. पावतीत शेतकऱ्याचा फक्त क्रमांक लिहा. जेसनमध्ये तारीख हा प्रकारच नाही. आयएसओ ८६०१ या तारखा लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा मजकूर पाठवा. रक्कम दशांशात नको, पैशांमध्ये पूर्णांक ठेवा. शेतकऱ्याच्या घामाचे पैसे आहेत, एक पैसाही इकडेतिकडे होता कामा नये! बँक खाते क्रमांक मात्र मजकूर म्हणूनच पाठवा, नाहीतर सुरुवातीची शून्ये गळतात.

पावत्यांचा ओघ फारच वाढला, तर गूगलने २००८ मध्ये खुले केलेले प्रोटोकॉल बफर्स हे माहिती आटोपशीर पाठवण्याचे स्वरूप पाहा. तिथे प्रत्येक रकान्याला क्रमांक असतो. काढून टाकलेल्या रकान्याचा क्रमांक पुन्हा दुसऱ्याला देऊ नका.