‘बोर्ड’ : फळी, पंगत आणि गलबताची बाजू

एका वाचकाने विचारले आहे, की मुलगी यंदा दहावीच्या ‘बोर्डाला’ बसते आहे, तिची आत्या शिकायला रत्नागिरीच्या ‘बोर्डिंगात’ होती, कोकण रेल्वेच्या तिकिटावर ‘बोर्डिंग’चे स्टेशन छापलेले असते आणि घरात कॅरमचा बोर्ड आहे, तर हा शब्द एकच आहे की ऐकायला सारखे असलेले निरनिराळे शब्द आहेत, आणि या सगळ्यांना चालेल असा एक मराठी शब्द कोणता?

शब्द एकच मानावा. जुन्या इंग्रजीत ‘बोर्ड’ म्हणजे लाकडाची फळी. तसाच उच्चार असलेला, ‘कड’ किंवा ‘गलबताची बाजू’ या अर्थाचा दुसरा शब्दही होता, आणि हे दोन प्रवाह फार पूर्वीच एकमेकांत मिसळले. कॅरम, विजेची बटणे, वर्गातला फळा, दुकानावरची पाटी यांतली फळी डोळ्यांना दिसतेच, त्यामुळे त्यांविषयी अधिक सांगण्याची गरज नाही.

खरी मौज जेवणाच्या फळीत आहे. टेकूंवर फळी ठेवली की तिचे मेज झाले, मेजावर वाढले जाते म्हणून ‘बोर्ड’ म्हणजे जेवण, आणि पैसे घेऊन जेवण घालणे म्हणजे ‘बोर्डिंग’. मालवण किंवा गणपतीपुळ्याच्या रस्त्यावर ‘लॉजिंग-बोर्डिंग’ अशी पाटी दिसते, तेव्हा पुष्कळांना ती एकाच गोष्टीची दोन नावे वाटतात. वास्तविक लॉजिंग म्हणजे राहणे आणि बोर्डिंग म्हणजे जेवण. मराठीने मात्र ‘बोर्डिंग’ हे नाव सरळ वसतिगृहालाच देऊन टाकले. हा प्रवास आपल्याला परका वाटू नये. पाहुण्यांचे ‘पाटपाणी केले’ असे आपण म्हणतो तेव्हा बसायचा लाकडी पाटच जेवणाचा अर्थ वाहत असतो, आणि लग्नघरी ‘किती पाने झाली?’ या प्रश्नात केळीच्या पानाला जेवणाऱ्या माणसाचा अर्थ येतो.

त्याच मेजाभोवती जेवणाऐवजी विचारविनिमयासाठी माणसे बसली, की ‘बोर्ड’ म्हणजे मंडळ. आपल्याकडे ‘पीठ’ म्हणजे आसन, आणि त्यावरूनच न्यायालयाचे ‘खंडपीठ’ झाले. बसण्याच्या जागेवरून बसणाऱ्यांना नाव देण्याची ही रीत दोन्ही भाषांत आहे. दहावीचे बोर्ड, १९९६ साली स्थापन झालेले महाराष्ट्र सागरी मंडळ म्हणजेच मेरिटाइम बोर्ड, आणि जुने जिल्हा लोकल बोर्ड हे सारे याच अर्थाचे. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या, तरी आमच्या गावातली वृद्ध मंडळी प्राथमिक शाळेला अजून ‘बोर्डाची शाळा’ म्हणतात.

आता तिकिटावरचे बोर्डिंग. जेट्टीला लाँच लागली की खलाशी काठावरून लाँचवर एक फळी टाकतो, भरती-ओहोटीप्रमाणे ती कधी वर चढते, कधी खाली उतरते, आणि बायामाणसे टोपल्या सांभाळत तिच्यावरून जातात. हे लहानपणापासून पाहिल्यामुळे फळीवरून चढणे म्हणजे बोर्डिंग, अशी माझीही अनेक वर्षे समजूत होती. ती चुकीची होती. येथे संबंध गलबताच्या बाजूशी आहे : दुसऱ्या गलबताच्या बाजूला आपले गलबत भिडवणे, बहुधा हल्ल्यासाठी, हा या क्रियापदाचा आधीचा अर्थ, नुसते ‘चढणे’ हा नंतरचा, आणि तोच पुढे आगगाडी व विमान यांनी उचलला. ‘स्टारबोर्ड’ म्हणजे सुकाणूची बाजू, कारण उत्तर युरोपातील जुन्या नौकांचे सुकाणूचे वल्हे उजव्या अंगाला बांधलेले असे. डाव्या बाजूचे नाव ‘लार्बोर्ड’ होते. वाऱ्यात दोन्ही नावे सारखीच ऐकू येत असल्यामुळे ब्रिटिश नौदलाने १८४४ साली डाव्या बाजूला ‘पोर्ट’च म्हणावे, असा हुकूम काढला.

जाता जाता : ‘कपाट’ हा ‘कपबोर्ड’चा अपभ्रंश नाही. संस्कृतात ‘कपाट’ म्हणजे दाराची फळी, आणि बद्रीनाथाची कपाटे उघडतात ती याच अर्थाने.

सगळीकडे चालेल असा एक मराठी शब्द नाही, आणि तो शोधूही नये. परीक्षेचे मंडळ, वर्गातला फळा, दुकानाची पाटी, बुद्धिबळाचा पट हे शब्द आपापल्या जागी पक्के बसलेले आहेत. तिकिटावरच्या मजकुरासाठी ‘चढण्याचे स्थानक’ हे शब्द मला पुरेसे वाटतात; ‘आरोहण’ असे जड नाव तेथे नको, कारण फलाटावर उभा असलेला कोणीही माणूस ‘कुठे चढणार?’ असेच विचारतो.