पाच वर्षं नोकरी झाल्यावर एम.डेस. करावं का?

तुम्ही विचारलंय की अप्लाइड आर्ट झालंय, बडोद्यात पॅकेजिंगच्या कामात पाच वर्षं गेली, वय सत्तावीस; आता एम.डेस., म्हणजे डिझाइनमधली पदव्युत्तर पदवी, केली तर पुढे सरकता येईल, की दोन वर्षं आणि साठवलेले पैसे हकनाक जातील?

मीही बडोद्याचीच. फाइन आर्ट्सनंतर सहा वर्षं नोकरी केली आणि मग मुंबई आयआयटीच्या आयडीसीत, म्हणजे तिथल्या डिझाइन विभागात, शिकायला गेले. साहेबाचा कंटाळा आलाय म्हणून जाऊ नका, हे आधी सांगते. पण रोजच्या कामातला एखादा प्रश्न तुमचा पिच्छा सोडत नसेल आणि नोकरीत त्याच्याकडे बघायला वेळ मिळत नसेल, तर जरूर जा.

माझा प्रश्न एका लग्नपत्रिकेतून आला. दांडिया बाजारातल्या एका मराठी घरची पत्रिका मी केली होती. कागद छान, छपाई सुबक. त्या घरच्या आजींनी वरच्या 'श्री कुलदेवता प्रसन्न'वर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "अगं, हा ल आपला नाही." खरंच नव्हता. उजवीकडे उभा दांडा असलेला, हिंदी वळणाचा ल होता तो. आपला ल दोन पाकळ्यांचा. महाराष्ट्र शासनानेही २००९मध्ये पाकळीचाच ल प्रमाण मानला आहे. बऱ्याच फॉन्टांत दोन्ही ल असतात, पण मजकुराची भाषा मराठी अशी निवडली नाही तर दांड्याचाच उमटतो. दिवसभर गुजराती लेबलं करणाऱ्या मला हे ठाऊकच नव्हतं. ऑफिसात विषय काढला तर उत्तर आलं, "पैसे मिळाले ना?"

आयडीसीत पहिले काही महिने बोरूने नुसती अक्षरं गिरवली. हाताने ल काढताना कळलं की बोरूचा कोन बदलला की पाकळी कशी जाड-बारीक होते. र. कृ. जोशी हे नाव तिथे सारखं निघायचं. उल्का या जाहिरात संस्थेत काम केलेले, पुढे आयडीसीत शिकवणारे, आणि आपल्या संगणकांवरच्या 'मंगल' फॉन्टचे कर्ते. जाहिरातीतून लिपीच्या कामाकडे वाट जाते, हे मला त्यांच्यामुळे दिसलं. आज मी गुजराती आणि देवनागरी शेजारी-शेजारी येणारी लेबलं करते. शिरोरेघ नसल्याने गुजराती ओळ बाजूला हलकी पडते, तिचं वजन जुळवणं हे माझं आवडतं काम. पूर्वी मजकूर ठरल्यावर माझ्याकडे यायचा, आता ठरवायलाच मला बोलावतात.

पैशांचं म्हणाल तर दोन वर्षं पगार बंद, हे घरच्यांशी आधीच स्पष्ट बोला. गाव सोडणं शक्य नसेल तर इथल्याच फाइन आर्ट्सचं एम.व्ही.ए., म्हणजे दृश्यकलेतली पदव्युत्तर पदवी, कमी समजू नका.

आयआयटीसाठी सीड ही परीक्षा. ती मुंबई आयआयटी घेते आणि तिला वयाची अट नाही. गुण एकच वर्ष धरले जातात. पहिला भाग संगणकावर, दुसरा कागदावर, चित्रं काढून. एनआयडीची, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेची, परीक्षा वेगळी. तिथली वयाची अट मात्र फॉर्म भरण्याआधी वाचा.

नोकरी केलेली माणसं दुसऱ्या भागात अडकतात, कारण पाच वर्षं माऊस धरल्यावर पेन्सिल जड वाटते. रविवारी सकाळी खंडेराव मार्केटात जा आणि भाजीवालीच्या समोर बसून काढा: टोपल्या, वजनं, वाकून निवडणारी गिऱ्हाइकं. लोक थांबून बघतील, बघू द्या. पहिले तीन-चार रविवार माझा हात चाललाच नाही. पाचव्या रविवारी तराजूची दोन्ही पारडी कागदावर नीट लोंबायला लागली.